मुलाखत पाकिटातून येत नसते

आज दुपारी एक मेल आला आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय. जेवण झालं, भांडी झाली, तरी राग उतरत नाही, म्हणून इथे लिहितेय.

दिवाळी अंकासाठी एका अभिनेत्रीची मुलाखत ठरत होती. नाव सांगत नाही. महिनाभर तिच्या मॅनेजरच्या मागे होते. मुंबईला यायची तयारी होती. शूटिंगच्या ठिकाणी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मिळाला असता तरी चाललं असतं. आज उत्तर आलं, सोबत तयार मुलाखत. प्रश्नही त्यांचेच, उत्तरंही त्यांचीच. खाली तिचे पाच फोटो. आणि वर एक ओळ : 'मॅम, फक्त तुमचं नाव टाका, मजकुरात बदल करू नका.'

माझं नाव टाकायचं! जिला मी भेटले नाही, जिचा आवाज फोनवरसुद्धा ऐकला नाही, तिच्या मुलाखतीवर माझं नाव. आणि फोटोंखालीही माझंच टाकलं तरी यांची हरकत नाही म्हणे.

तुम्ही मंडळी माझं काम जाणता. कौटुंबिक मासिकासाठी नामवंतांच्या मुलाखती घेणं आणि त्यांचे फोटो काढणं, दोन्ही मीच करते. (कॅमेऱ्याची बॅग खांद्यावर असताना 'फोटोग्राफर कधी येणार, मॅडम?' असं अजूनही विचारतात. त्यावर एक दिवस वेगळं लिहीन.) आपलं मासिक कोण वाचतं? पारोळ्याची एखादी शिक्षिका, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली सासू आणि सून, दातांच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणारी आजी. ही माणसं भेटली की मला एकच विचारतात, 'ताई, तो खरंच तसा आहे का हो?' ह्या प्रश्नाला पाकिटातल्या मुलाखतीवरून मी काय उत्तर देणार?

त्या तयार मुलाखतीत काय आहे तेही सांगते. यशाचं रहस्य काय? मेहनत आणि आईवडिलांचे आशीर्वाद. दिवाळी कशी साजरी करता? कुटुंबासोबत. कुटुंबाचा पाठिंबा आहे का? 'माझं कुटुंब नेहमीच माझ्या पाठीशी भक्कमपणे उभं राहिलं आहे.'

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मला शिंदखेडा तालुक्यातलं ते घर आठवलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मालिकांमध्ये खलनायक करणारा आपल्याकडचाच एक नट. तेव्हा तो रोज रात्री घराघरांत शिव्या खात होता. कानबाईसाठी गावी येतोय असं कळलं, तशी मी त्याला फोन केला, तो म्हणाला, 'या, पण मी कामात असेन.' खान्देशाबाहेरच्या मित्रांसाठी सांगते, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची देवी कानबाई घरोघरी बसते. सुरत, मुंबई, पुणे, जिथे कुठे भाऊबंदकी पांगली असेल ती त्या दिवशी मूळ घरी गोळा होते. रोट असतो, म्हणजे कानबाईचा नैवेद्य. तो घरच्याच माणसांनी खायचा, बाहेरच्यांना देत नाहीत.

मी पोचले तेव्हा हा महाराष्ट्राचा खलनायक विळ्यावर गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरत बसला होता. मी कॅमेरा काढला तर त्याची मोठी माय आडवी आली. 'पोरी, घरना फोटो काढ, मन्हा काढ, पण रोटना नको काढू.' नाही काढला. आजही माझ्याकडे रोटाचा एकही फोटो नाही आणि तो नाही याचं मला बरं वाटतं. मग माय म्हणाली, रोट तुला देता येणार नाही, पण उपाशी जायचं नाही. माझ्यासाठी वेगळी भाकर टाकली.

आम्ही ओट्यावर बसलो. मी विचारलं, घरचे तुझी मालिका बघतात का? तो हसायला लागला. म्हणाला, 'ताई, या घरात माझ्या मालिकेचा शेवट कोणालाच माहीत नाही. मला मार पडायला लागला की मोठी माय टीव्ही बंद करते.' आणि आतून लगेच आवाज आला, 'मन्हा पोऱ्याले मारतस, मी कसाले देखू?'

आता सांगा. 'कुटुंब भक्कमपणे पाठीशी उभं' आणि हे. एकाच घराची गोष्ट आहे ना दोन्ही? पण पहिलं वाक्य मुंबईतल्या एसी ऑफिसात बसून कोणाच्याही नावाने लिहिता येतं. दुसरं मिळवायला ओट्यावर बसावं लागतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मला आज ओरडून सांगावंसं वाटतंय.

संध्याकाळी एका मित्राला फोनवर हे सांगितलं, तर तो म्हणाला, 'अगं, आपले केकी मूस तर घराबाहेरच पडत नव्हते, तरी केवढे मोठे फोटोग्राफर झाले!' मी त्याला तिथेच थांबवलं. केकी मूस चाळीसगावच्या घरात वर्षानुवर्षं कोंडून घेतल्यासारखे राहिले, खरं आहे. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी आख्खे देखावे उभे केले, तेही खरं. पण ज्यांचे चेहरे त्यांनी टिपले ती माणसं चाळीसगावला उतरून त्यांच्या घरी आली होती, त्यांच्यासमोर बसली होती. स्टेशनजवळचं ते घर आज कलादालन आहे. जाऊन बघा एकदा. कोणी पाठवलेल्या फोटोवर त्या माणसाने आपलं नाव घातलं असतं का?

आणि ऐकून, समोर बसून लिहून घेणं, हे तर आपल्या मातीतलं काम आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. गुरुजी समोर बसले म्हणून ते बोलणं आज आपल्याला वाचायला मिळतं. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी ऐकून ऐकून वहीत उतरवली, म्हणून त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये ती छापून आली. त्या लिहून घेणाऱ्यांनी मजकूर तयार करून बहिणाबाईंच्या नावावर खपवला असता तर? अंगावर काटा येतो. मी कोणाशी बरोबरी करत नाहीये. माझं काम फार लहान आहे. पण जात तीच आहे त्या कामाची.

आता फोटोंबद्दल. ते पाच फोटो मी मोठे करून बघितले. गालावर एक छिद्र नाही, डोळ्यांखाली एक रेघ नाही, आणि रंग? ती बाई सावळी आहे, छान सावळी, मी तिला एका कार्यक्रमात लांबून पाहिलंय. फोटोत दुधासारखी पांढरी. हे बघून माझा राग दुप्पट झाला. अरे, शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक स्मिता पाटील, जिच्यावर आपण सगळे खान्देशी हक्क सांगतो, ती सावळी होती आणि त्याच चेहऱ्यानिशी मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायला बसली, त्याच चेहऱ्यानिशी पडद्यावर उभी राहिली. १९८६ मध्ये गेली, तरी तो चेहरा कोणी विसरलं नाही. आज ती नवी असती तर एखाद्या मॅनेजरने तिला आधी 'उजळवून' पाठवली असती. माझं मासिक वाचणाऱ्या सावळ्या पोरींनी काय शिकायचं यातून?

शिवाय ते फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेले, आकसलेले. ए-फोर आकाराच्या कव्हरला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायचं तर फोटो २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा लागतो. हे त्याच्या निम्मेही नाहीत. वर मासिकाच्या नावाला जागा सोडलेली नाही, कपाळ थेट कडेला टेकलंय. छापखान्यातल्या माणसाने मला हाकलून दिलं असतं.

त्या नटाचा फोटो कसा निघाला ते सांगते. मी नेहमी आधी बोलते, फोटो नंतर. बोलून झालं की माणसाचा जबडा सैल पडतो, खांदे उतरतात, कॅमेऱ्यासाठी धरलेलं हसू गळून पडतं. त्या दिवशी आभाळ अर्धवट उघडलेलं होतं आणि ऊन मध्येच त्याच्या तोंडावर आडवं यायचं. ओट्यासमोर दोरीवर कोणाचं तरी धोतर वाळत होतं. ते जरा सरकवलं, तर त्यातून गाळून आलेला उजेड त्याच्या चेहऱ्यावर असा काही पसरला की मोठाल्या स्टुडिओत दिवे लावून तसा मिळाला नसता. ८५ मिलिमीटरची लेन्स लावली. तो टीव्हीची गोष्ट पुन्हा सांगत हसत होता, आणि मागे दाराच्या चौकटीत मोठी माय अर्धीच दिसत होती, रागावलेली, कारण तिच्या मते यात हसण्यासारखं काही नव्हतं. तिला विचारलं, तू दिसतेस, चालेल का? म्हणाली, दिसू दे.

तो फोटो छापून आल्यावर त्याच्या तेव्हाच्या मॅनेजरने फोन केला होता. मुलाखतीबद्दल एक शब्द नाही. 'मागे कपडे वाळत घातलेले का दिसताहेत?' म्हणाला.

बरं, मॅनेजर लोकांचीही बाजू आहे. कलाकारांना आपल्याच काही बांधवांनी छळलंय. लग्न कधी, मूल कधी, घटस्फोट का, वजन किती, हे प्रश्न विचारून विचारून त्यांना दार लावून घ्यायला आपणच भाग पाडलं. मान्य. फोनवरही चांगली मुलाखत होते, लॉकडाऊनमध्ये मी घेतल्यात. तेही मान्य. पण फोनवर निदान माणूस असतो!

संपादक मित्रांनो, तुम्हालाही सांगायचंय, राग मानू नका, किंवा माना. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. 'किर्लोस्कर', 'स्त्री' वाचून आपल्या आज्या शहाण्या झाल्या. तोच वारसा सांगत तुम्ही अंक काढता आणि स्टॉलवर एकाच बाईचा एकच फोटो वेगवेगळ्या अंकांवर लटकलेला दिसतो. आत तीच उत्तरं, तीच 'मेहनत', तेच 'आशीर्वाद'. वाचक तीन-चारशे रुपये मोजतो हो. कागद महागलाय, जाहिराती आटल्या, प्रवासाचे पैसे सुटत नाहीत, सगळं कळतं मला. माझेही पैसे थकलेत तुमच्यापैकी काहींकडे. पण मग ती चार पानं कोरी ठेवा. नाहीतर पाककृती छापा. भरताची छापा, कळण्याच्या भाकरीची छापा, ते तरी कोणाच्या तरी हाताने केलेलं असेल.

थोडं पाणी पिऊन आले.

त्या अभिनेत्रीवर माझा राग नाही. तिला हे माहीतही नसेल. पंचविशीतलं कोणीतरी पोर रात्री जागून तिच्या तोंडी ही वाक्यं घालत असेल, आणि त्या पोराला महिन्याला किती मिळत असतील तेही मला माहितेय. ती बाई चांगलं काम करते. मला तिला विचारायचं होतं, दिवसभर रडण्याचे सीन करून घरी गेल्यावर डोळ्यांचं काय होतं? लांबलचक संवाद पाठ करताना ती मोठ्याने बोलते की मनात? पहिल्या पगारातून आणलेली वस्तू अजून घरात आहे का? यातल्या एका प्रश्नानेही तिची प्रतिमा बिघडली नसती. त्या नटाच्या मोठ्या मायसारखं तिचंही कोणीतरी घरी असेलच ना, टीव्ही बंद करणारं. ते माणूस वाचकांना भेटलं असतं, आणि त्यांना ती जास्तच आवडली असती.

त्या नटाच्या मुलाखतीनंतर वाचकांची पत्रं आली, त्यांत त्याच्या मालिकेबद्दल फारसं कोणी लिहिलंच नव्हतं. सगळ्यांनी मोठ्या मायबद्दल विचारलं होतं. साक्रीच्या एका बाईंनी लिहिलं होतं की आमच्याकडेही सासूबाई असंच करतात, मुलगा फौजेत आहे, युद्धाचा सिनेमा लागला की उठून जातात. अशी पत्रं तयार मुलाखतीला येतात का? कधी आली असतील तर दाखवा मला.

हे लिहीत असतानाच त्या मॅनेजरचा मेसेज आला. 'मॅम, कन्फर्म? नाव कोणतं टाकायचं, पूर्ण नाव द्या.'

नाही, कन्फर्म नाही. तसं त्याला कळवलं, संपादकांनाही कळवलं. संपादक म्हणाले, पानं मोकळी राहतील, बघ. बघितलं. धुळ्यात एक अहिराणी गाणी गाणारा मुलगा आहे. आपल्याकडचं एक लग्न त्याच्या गाण्याशिवाय लागत नाही, बँडवाले, डीजेवाले सगळे त्याचंच वाजवतात, यूट्यूबवर त्याला बघणाऱ्यांचे आकडे बघून मुंबईचे स्टार गप्प बसतील. पण त्याची मुलाखत कोणत्याही कौटुंबिक मासिकात मी पाहिलेली नाही. त्याला मॅनेजर नाही. फोन त्यानेच उचलला. 'ताई, कव्हयबी या, फक्त दुपारले नको, दुपारले मी दुकानमा ऱ्हास.'

उद्या सकाळच्या एसटीने निघतेय. उन्हं चढायच्या आत फोटो काढायचे आहेत, त्याच्या दुकानात, त्याच्या घरी, जिथे तो म्हणेल तिथे. तुमच्यापैकी ज्यांच्या हळदीत त्याची गाणी वाजली असतील त्यांनी खाली लिहा, त्याला काय विचारू? रात्री अकरापर्यंत जागी आहे.