‘पिणार तो अन् शाळा आमची?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया सोमवारी रात्री आली, आज शुक्रवार. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला राग आला, आणि रागात लिहिलेलं उत्तर मी दोनदा खोडलं. म्हणून उशीर.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घरातल्या पिणाऱ्या माणसाला उपचाराला कसं तयार करावं, यावर तो होता. तो प्यायलेला असताना विषय काढू नका, सकाळी बोला, टोमणे मारू नका, डॉक्टरांची वेळ आधीच ठरवून ठेवा, असं मी लिहिलं होतं. त्यावर ताईंनी लिहिलं:

“तुमचा लेख वाचून हसू आलं. सकाळी बोला, शांत बोला, दोष देऊ नका. म्हणजे पिणार तो अन् शाळा आमची? बारा वर्षं झाली. गोड बोलून पाहिलं, भांडून पाहिलं, सोळा सोमवार केले, चहातून गोळ्या दिल्या. त्याला स्वतःला वाटत नाही तोवर काही होत नाही. नाहीतर सरळ गाडी बोलावून उचलून न्यावं. पण बाईनेच नवरा सुधरवायचा, हे लिहिणं बंद करा.”

हे मी वहिनीला वाचून दाखवलं. लेखातला ‘दादा’, म्हणजे माझा भाऊ, तिचाच नवरा. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बरोबर तर लिहिलं तिनं. तू सकाळी यायची, शहाणपणाचं बोलून चालली जायची. रात्र कोणाची होती? माझी.”

तर पहिली गोष्ट कबूल. तो लेख नणंदेच्या खुर्चीवरून लिहिलेला होता. मी नागपुरात मानेवाड्याला राहायची, रविवारी महाल भागातल्या घरी यायची, दादाशी तासभर बोलायची आणि निघताना वहिनीला सांगायची, “तू जरा नीट घे त्याला.” नीट घेणं म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं. दादा पुन्हा प्यायला की मी मनातल्या मनात तिच्याच खात्यावर लिहायची. तुमच्यावरही असं कोणी लिहीत असेल तर ते खातं फाडून टाका. तुम्ही सगळं बरोबर बोललात, बरोबर वेळ साधलीत, तरी तो नाही म्हणू शकतो, आणि त्या ‘नाही’चा हिशेब तुमच्याकडे लागत नाही. हे वाक्य मागच्या लेखात असायला हवं होतं.

दादावरही आम्ही वेगळा अन्याय करत होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात ना, वर्षभरात जे जे वाईट झालं ते एकेका बडग्याच्या गळ्यात पाटी लिहून अडकवायचं आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावाबाहेर न्यायचं, तसा आम्ही दादाचा बडग्या केला होता. पुतण्याचे मार्क कमी आले, दादा. बाबांचं बीपी वाढलं, दादा. घराचा रंग राहिला, तोही दादा. ज्याच्या गळ्यात इतक्या पाट्या, तो घरी लवकर येऊन काय करेल?

हात उचलत असेल, तर सकाळी शांत बोलण्याचा सल्ला तुमच्यासाठी नाहीच. आधी तुमचा आणि मुलांचा जीव. ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. नवरा आजारी आहे म्हणून मार खावा, असं कुठल्याही डॉक्टरांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही.

आता गोळ्या. ताई, त्या आजच थांबवा, आणि काय देत होतात ते पाकीट जपून ठेवा. तुम्ही गोळीचं नाव लिहिलेलं नाही, पण चहातून-वरणातून द्यायची म्हणून जी गोळी घरोघर फिरते ती बहुतेक वेळा डायसल्फिराम असते. दारूवर तिचा उपयोग होतो हे १९४८ साली डेन्मार्कमध्ये लक्षात आलं आणि आजही डॉक्टर ती देतात. पण देतात ती त्या माणसाला सांगून, त्याची तयारी असेल तर, यकृत आणि हृदय तपासून. शरीरात दारू फुटताना मध्येच एक विषारी पदार्थ तयार होतो. एरवी तो लगेच पुढे निपटला जातो. ही गोळी ते निपटणं अडवते. मग थोडी जरी दारू घेतली तरी तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो. ज्याला माहीत आहे तो भीतीने लांब राहतो, आणि गोळीचं कामच ती भीती. ज्याला माहीत नाही तो नेहमीसारखा क्वार्टर लावतो, आणि हृदय कमजोर असेल तर त्यात जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. भिंतीवर नि ऑटोच्या मागे ‘न सांगता दारू सोडवा’ म्हणून ज्या पुड्यांच्या जाहिराती असतात, त्यांत काय असतं हे तर देणाऱ्यालाही कळायला मार्ग नाही. शिवाय एक दिवस त्याला कळतंच. मग घरचा चहासुद्धा तो संशयाने पितो.

‘त्याला स्वतःला वाटत नाही तोवर काही होत नाही.’ हे मी मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, रांगेत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, स्वतःही म्हटलंय. निम्मं खरं आहे. निम्मं खोटं अशासाठी, की ‘वाटणं’ हे काही दिव्याच्या बटणासारखं नसतं. पिणाऱ्याला रोज सकाळी थोडं वाटत असतं आणि रोज संध्याकाळी ते विरून जातं. १९९९ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोला एक अभ्यास झाला होता. उपचाराला ठाम नाही म्हणणाऱ्या दारुड्यांच्या घरची १३० माणसं घेतली आणि त्यांना तीन वेगवेगळ्या रीतींनी मदत दिली. एका गटाला सांगितलं, सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवा आणि सुनवा. त्यातले ३० टक्के उपचाराला आले. दुसऱ्या गटाला पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या अल-अनॉन या आधारगटाच्या वाटेने नेलं, तिथे १३ टक्के. (अल-अनॉन हे त्याला बदलायला नसून तुम्ही तगावं म्हणून आहे, त्यामुळे या १३ वरून त्याला नावं ठेवू नये.) तिसऱ्या गटाला शिकवलं की तो प्यायलेला नसेल तेव्हा त्याच्यासोबत जेवा, बोला, आणि प्यायला की भांडण न करता बाजूला व्हा, प्यायल्याने झालेलं नुकसान तुम्ही निस्तरू नका, स्वतःचं जगणं सांभाळा, आणि त्याच्या तोंडून जरासं निघालं की त्याच दिवशी उपचाराचं दार उघडं ठेवा. तिथे ६४ टक्के आले. म्हणजे तिथेही शंभरातले छत्तीस आले नाहीतच. पण ‘काही होत नाही’ असं म्हणण्याइतका हा आकडा लहान नाही.

आमच्याकडे ते ‘जरासं’ कसं निघालं ते सांगते. दादा हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला. एफडीच्या कागदावर सही करायला बँकेत गेला. सही जुळेना. काउंटरवरच्या मुलीने तीनदा करायला लावली, तीनदा हात थरथरला. मागे रांगेत कोणीतरी हसलं. घरी येऊन जेवला नाही. वहिनीला एवढंच म्हणाला, “हाताचं काहीतरी पाहावं लागते.”

मी तिथे असते तर म्हटलं असतं, “दारू सोड, हात आपोआप सुधरेल.” आणि तिथेच सगळं संपलं असतं. वहिनी म्हणाली, “चला, उद्याच दाखवू.” मानसोपचार ओपीडीची वेळ लिहिलेली चिठ्ठी तिच्या चहापत्तीच्या डब्यात सहा महिने पडलेली होती. सकाळी साडेआठला दोघं मेडिकलमध्ये रांगेत. डॉक्टरांनी आधी हात पाहिले, झोप विचारली, भूक विचारली, मग किती घेता ते विचारलं. दादा म्हणाला, “दोन पेग.” डॉक्टर काही बोलले नाहीत. वहिनी छताच्या पंख्याकडे पाहत बसली. जरा वेळाने दादा स्वतःच म्हणाला, “दोन नाही जी. जास्त होते.” इतक्या वर्षांत त्याने खरा आकडा पहिल्यांदा सांगितला, आणि तो हाताच्या नावाखाली. ‘मी बेवडा आहे’ असं तो आजही म्हणत नाही. न म्हणो.

पण हे त्या एका सकाळीत झालं नाही. त्याआधी वर्षभर वहिनी एक गोष्ट बदलत होती, आणि तिचं नाव तिनेच ठेवलंय: सांभाळायचं, पण सांभाळून घ्यायचं नाही. पूर्वी कामाला नागा, म्हणजे खाडा, झाला की कंपनीत फोन तीच करायची, “त्यांना ताप आहे.” एक दिवस तिने नंबर लावला आणि फोन दादाच्या हातात दिला. “तुम्हीच सांगा.” ना आरडाओरडा, ना रडणं. पगार कापला गेला. पानठेल्यावरची उधारी तिने देणं बंद केलं. रात्री उंबऱ्यापाशी ओकला तर सकाळी बादली तिथेच ठेवलेली असायची, भरून. जेवणाचं ताट मात्र कधी काढून घेतलं नाही, आणि तो न पिता घरी आला त्या संध्याकाळी ती मुद्दाम त्याच्यासोबत गच्चीवर बसायची. सासूबाईंना, म्हणजे माझ्या आईला, हे सगळं पाषाणहृदयीपणाचं वाटायचं. मलाही. तुम्ही म्हणता तशी ही शाळाच आहे, ताई. फक्त त्याच्यासाठी भरलेली नव्हती. पहिल्या महिन्यात फायदा झाला तो वहिनीला, ती रात्री झोपू लागली.

उचलून नेण्याबद्दल. गाडी मी बोलावली होती. हे मागच्या लेखात लिहायची हिंमत झाली नव्हती. पहाटे सहाला चार माणसं आली, दादाला बनियनवर नेलं, अख्खी गल्ली ओट्यावर उभी. त्या केंद्राचं नाव घेत नाही. चाळीस दिवसांनी तो परत आला आणि एक्केचाळिसाव्या दिवशी प्यायला. त्यानंतर दोन वर्षं आमच्या घरात ‘उपचार’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती, आणि माझ्याशी तो वर्षभर बोलला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजार येतात. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, स्वतःची काळजी घेण्याच्या पलीकडे गेला असेल, तर त्याच्या इच्छेविना भरती करता येते. पण दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासून तसं ठरवावं लागतं, आणि पहिली मुदत ३० दिवसांपर्यंतच. चार पहिलवान आणि एक गाडी यात कुठे बसत नाही.

आणि घरी कोंडून सोडवायचा प्रयत्न तर मुळीच नको. आमच्या काकांनी तेही केलं, काटोलच्या शेतावर. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की काही तासांत थरथर नि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम. दादाला तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या, तो त्या झाडत बसला. काकांना वाटलं नाटक करतो. अशा वेळी माणूस दगावू शकतो. दवाखान्यात औषधं देऊन, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन हे दिवस पार करतात, म्हणून सोडण्याची सुरुवात तिथेच करावी.

नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘पागलखान्यात नेता का?’ हे ऐकावं लागेल, आम्हीही ऐकलं. घरबसल्या विचारायचं तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६. तो येत नसेल तरी तुम्ही एकट्या जाऊन बोलू शकता, हे मला फार उशिरा कळलं. दिल्लीच्या एम्सच्या सर्वेक्षणाचा २०१९ चा अहवाल सांगतो की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो. सदतीस घरांत तुमच्या-आमच्यासारख्या बायका चहाच्या डब्यात चिठ्ठ्या ठेवून बसल्यात.

दादा त्यानंतर दोनदा घसरला. एकदा सात महिन्यांनी, एका लग्नात. आता चौथं वर्ष चालू आहे. तंबाखू-सुपारीचा खर्रा काही सुटलेला नाही. घोटून घेतो, पुडीला रबर लावतो, आणि मी बघितलं की खिशात टाकतो. तो वेगळा लेख.

वहिनीने निरोप दिलाय. गुरुवारी दुपारी तीननंतर ती मोकळी असते. तुम्हाला वाटलं तर प्रतिक्रियेच्या जागी नंबर लिहा, मी तो छापणार नाही, तिला देईन. माझ्याशी नको बोलायला, तिच्याशीच बोला. आणि त्या गोळ्यांचं पाकीट फोनजवळ घेऊन बसा, ती पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.