लाल ठिपका का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

खालच्या चौकटीत उत्तर मावेना म्हणून वेगळंच लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी गेल्या आठवड्यात डॉन्टलेसच्या (दुसऱ्या महायुद्धातलं, जहाजावरून उडणारं अमेरिकन बॉम्बफेकी विमान) ज्या डायकास्ट, म्हणजे ओतीव धातूच्या, मॉडेलचं एवढं कौतुक केलं ते मुळातच चुकीचं बनवलंय, विमानावरच्या ताऱ्याच्या मधला लाल ठिपका गायब, जहाजावरचं विमान असून पंख दुमडत नाहीत, फ्लॅपला (पंखाच्या मागच्या कडेची उघडणारी पट्टी) चाळणीसारखी भोकं, अँटेना तर नाहीच, आणि माझा मिडवेच्या लढाईचा (जून १९४२, अमेरिका विरुद्ध जपान) परिच्छेद म्हणजे 'सिनेमा बघून लिहिल्यासारखा'. यातलं शेवटचं तुमचं बरोबर आहे, अँटेनाचंही बरोबर आहे, पण आधी ठिपका.

ठिपका होता हो. निळा गोल, त्यात पांढरा तारा, मधोमध लाल ठिपका आणि मागे शेपटीच्या रडरवर लाल-पांढरे पट्टे. पण समोर जपानी विमानावर काय, तर लाल गोळाच. आता जहाजावर तोफेमागे बसलेल्या पोराला दोन सेकंदात ठरवायचंय आपला की परका, त्याला लांबून काहीतरी लाल दिसलं की तो थांबणारे का? ७ डिसेंबर १९४१ ला, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला त्या दिवशी, एंटरप्राइज या अमेरिकन विमानवाहू जहाजाची विमानं तिथे उतरायला गेली तर त्यांच्यावर जपान्यांनी तर गोळ्या झाडल्याच, खालून स्वतःच्या लोकांनीही झाडल्या. शेवटी मे १९४२ मध्ये ऑर्डर निघाली, ठिपके आणि पट्टे बुजवा. म्हणजे मे महिन्याच्या सुरुवातीला कोरल समुद्राच्या लढाईत हीच विमानं ठिपक्यासकट दिसतात आणि ४ जूनला मिडवेला बिनठिपक्याची. तुम्ही पाहिलेला फोटो बहुतेक आधीचा असणार, तोही खरा आणि माझं मॉडेलही खरं, मधे फक्त एक महिना गेलाय. माझं मॉडेल बी-१ क्रमांकाच्या विमानाचं आहे, एंटरप्राइजवरच्या वैमानिक रिचर्ड बेस्टचं, ४ जूनचं. त्यावर ठिपका असता तर मीच ते परत पाठवलं असतं!

पंखांचं म्हणाल तर खऱ्या डॉन्टलेसचे पंखही दुमडत नव्हते, त्यामुळे मॉडेल करणाऱ्यांनी पैसे वाचवले असं नाही. त्याच जहाजावरच्या डेव्हास्टेटर टॉर्पेडो विमानांचे दुमडायचे. पण डॉन्टलेसला जवळजवळ ७० अंशात नाक खाली घालून झेपावायचं आणि मग एका झटक्यात वर यायचं, तेव्हा सगळा भार पंखाच्या मुळाशी येणार, तिथेच बिजागरी नको म्हणून डग्लस कंपनीच्या डिझायनर एड हाइनमननी पंख अखंड ठेवला. जहाजावर जागा जास्त खाल्ली त्यानं, पण पंख मोडला नाही. साडेबारा मीटरचा पंख १/७२ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये साडेसतरा सेंटीमीटर होतो, माझ्या पुस्तकांच्या कप्प्यात आडवं बसत नाही म्हणून तिरकं ठेवलंय, तेवढाच त्रास.

आणि ती भोकं, अहो तीच तर या विमानाची ओळख! फ्लॅप वर-खाली दोन्हीकडे उघडतात आणि झेप घेताना ब्रेकचं काम करतात, पण सलग पत्रा असला की मागे हवेचा असा गोंधळ होतो की शेपूट थडथडायला लागतं, म्हणून भोकं पाडली. पोटाखालची ती दांड्यांची चौकट पण बघा एकदा, बॉम्ब सोडला की ती त्याला झोका देऊन नाकावरच्या फिरत्या पंख्याच्या पलीकडे ढकलते, नाहीतर एवढ्या उभ्या झेपेत बॉम्ब स्वतःच्याच पंख्यावर आदळायचा. हे सगळं त्या टीचभर मॉडेलमध्ये दाखवलंय आणि तुम्ही त्यालाच नावं ठेवताय.

खरी चूक तुम्ही पकडलीच नाहीत. पत्र्यांच्या जोडाच्या रेघा बघा, अर्धा मिलिमीटर तरी रुंद आहेत, गुणिले ७२ केलं तर खऱ्या विमानाला साडेतीन सेंटीमीटरच्या फटी! आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला पण एवढ्या नाहीत. यावर बोलला असतात तर मी गप्प बसलो असतो.

अँटेना कंपनीनं दिली होती, ती आमच्याकडच्या दिवाळीच्या साफसफाईत गेली. फडकं कोणी मारलं ते सांगत नाही, संसार आहे.

आता मिडवे. मी लिहिलं होतं की अमेरिकन विमानं आली तेव्हा जपानी जहाजांच्या डेकवर बॉम्ब लावलेली विमानं उड्डाणाच्या तयारीत खच्चून उभी होती, अजून पाच मिनिटं मिळाली असती तर सगळी उडाली असती वगैरे. हे मुळात जपानी वैमानिक मित्सुओ फुचिदांनी युद्धानंतर सांगितलेलं, आणि माणूस त्या दिवशी अकागी या जपानी विमानवाहू जहाजावर होता म्हटल्यावर कोण शंका घेणार, मीही घेतली नाही. पण नंतर संशोधकांनी जपानी नोंदी तपासल्यावर लक्षात आलं की त्या वेळी डेकवर चढउतार चालली होती ती मुख्यतः पहाऱ्याच्या फायटर विमानांची, हल्ल्याची विमानं खाली हँगरमध्येच होती, टॉर्पेडो आणि पेट्रोलसकट. मला तर हे जास्त भयानक वाटतं. बेस्टबरोबर अकागीवर झेपावलेली विमानं त्याच्यासकट फक्त तीन, एंटरप्राइजची बाकीची जवळपास सगळी कागा या दुसऱ्या जपानी जहाजावर गेली, आणि थेट बसलेला बॉम्ब एकच. तो डेक फोडून हँगरमध्ये गेला आणि आग आतूनच पेटत गेली. बेस्ट दुपारी परत हिर्यू या आणखी एका जपानी जहाजावर हल्ल्याला गेला, आणि ते त्याचं शेवटचं उड्डाण ठरलं, कारण ऑक्सिजनच्या बाटलीतून कॉस्टिक सोड्याची वाफ छातीत गेली होती आणि त्यातून दबलेला टीबी वर आला. हे मूळ लेखात घालायला हवं होतं, त्याऐवजी मी खच्चून भरलेलं डेक घातलं.

ते वाक्य मी खोडलंय, पुसलेलं नाही, म्हणजे नंतर येणाऱ्याला तुम्ही कशाबद्दल चिडला होतात ते कळेल. अँटेनासाठी टाचणी कापून लावतोय, डोकं काढून. जमली तर फोटो टाकतो, नाही जमली तर तेव्हाही बोला.