शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीतल्या अटकळी : ‘एक जुना वाचक’ यांना उत्तर

नमस्कार,

‘बेटर कॉल सॉल’ या मालिकेच्या (‘ब्रेकिंग बॅड’च्या प्रीक्वेलच्या, म्हणजे तिच्या आधीची गोष्ट सांगणाऱ्या मालिकेच्या) शेवटच्या सीझनआधी चाहत्यांनी काय काय अटकळी बांधल्या होत्या, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. चांगली खरमरीत आहे. ‘धन्यवाद, प्रत्येकाचं मत वेगळं’ असं लिहून वाटेला लावण्यासारखी नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही म्हणता, प्रीक्वेलचा शेवट जगजाहीर असतो, तिथे ‘पुढे काय होणार’ हा प्रश्नच फिजूल. ‘रावण मरणार हे ठाऊक असताना युद्धकांडात सस्पेन्स कसला?’ हे तुमचंच वाक्य. दुसरं, या थिअरीवाल्यांनी चांगल्या मालिकेचं शब्दकोडं करून टाकलं. तिसरं, लेखकांच्या डोक्यात सगळं आधीच पक्कं असतं. आपण बाहेर बसून हवेत गोळ्या झाडतो, आणि एवढ्या झाडून एकही लागली नाही. जाता जाता ‘निप्पी’ या भागाला ‘भरताड’ म्हणालात. त्याचा समाचार शेवटी घेते.

आधी रावण. तो मरतो, राम अयोध्येला परततो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण ऊर्मिलेचं काय? चौदा वर्षं ती त्या महालात काय करत होती? मूळ कथा तिथे जवळपास गप्प आहे, आणि गप्प आहे म्हणूनच पुढच्या कवींना तिथे जागा सापडली. शेवट कळला की प्रश्न मिटत नाहीत, त्यांची माणसं बदलतात. राम-रावणाची काळजी संपली की ज्यांचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलंच नाही, त्यांची सुरू होते.

इथे हेच झालं. ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये (२००८ ते २०१३), म्हणजे वॉल्ट आणि त्याचा साथीदार जेसी अमली पदार्थ बनवतात त्या मालिकेत, त्यांचा वकील सॉल गुडमन होता, माइक होता, ड्रगमाफिया गस फ्रिंग होता. या तिघांच्या जिवाला प्रीक्वेलमध्ये धोका नाही, हे उघडच होतं. पण सॉलची (प्रीक्वेलमध्ये तो अजून जिमी आहे) वकील बायको, किम वेक्सलर? तिचं नावही त्या मालिकेच्या ६२ भागांत कुणाच्या तोंडी येत नाही. बडा वकील हॉवर्ड हॅमलिन नाही, सॉलचा भाऊ चक नाही. एप्रिल २०२० मध्ये पाचवा सीझन संपला तेव्हा किम बोटांच्या पिस्तुलांनी जिमीवर नेम धरून हसत होती, आणि ते हसू बघून जिमीच्याच चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. त्यानंतर पुरी दोन वर्षं काही नाही. आधी कोविड, मग जुलै २०२१ मध्ये सॉलचं काम करणाऱ्या बॉब ओडेनकर्कला सेटवरच हार्ट अटॅक. सहावा सीझन सुरू झाला तो १८ एप्रिल २०२२ ला. या दोन वर्षांत लोकांनी किमला किती प्रकारे मारलं आणि किती प्रकारे वाचवलं, ते मूळ लेखात आहेच. ‘सॉलचं काय होणार?’ असं मात्र फारसं कुणी विचारत नव्हतं. ‘ही बाई गेली कुठे?’ हा प्रश्न होता. तो शेवट माहीत असल्यामुळेच पडला.

इथे एक निरीक्षण नोंदवते, त्यावर कधीतरी वेगळं लिहायचं आहे. ‘ब्रेकिंग बॅड’च्या प्रेक्षकांतल्या एका मोठ्या गटाने वॉल्टच्या बायकोचा, स्कायलरचा, इतका राग राग केला की ते काम करणाऱ्या ॲना गनला २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहावा लागला. दहा वर्षंही उलटली नाहीत, तोच याच जगातल्या दुसऱ्या बाईच्या जिवासाठी लोक देव पाण्यात घालून बसले. यात प्रेक्षक शहाणे झाले किती आणि किम साकारणाऱ्या ऱ्हिया सीहॉर्नच्या अभिनयाचा वाटा किती, ते सांगणं अवघड. पण अटकळी बांधणारे सगळे नुसते रिकामटेकडे होते, हे मला पटत नाही.

आता लेखकांच्या डोक्यात सगळं पक्कं असतं, हा मुद्दा. तो मला सगळ्यात कच्चा वाटतो, म्हणून त्यावर जरा जास्त बोलते.

‘ब्रेकिंग बॅड’च्या दुसऱ्या सीझनचा आठवा भाग, २००९. सॉल पहिल्यांदा येतो तो हाच. वॉल्ट आणि जेसी तोंडं झाकून त्याला रात्री वाळवंटात घेऊन येतात आणि खणलेल्या खड्ड्यापुढे गुडघ्यांवर बसवतात. सॉलची पाचावर धारण बसते. तो बडबडत सुटतो, की मी नाही केलं, ते इग्नासियोने केलं. मग हे लोक भलतेच कुणीतरी आहेत हे ध्यानात आल्यावर हायसं वाटून विचारतो, म्हणजे तुम्हाला लालोने नाही पाठवलं? झालं, विषय संपला. पुढे मालिका आटोपेपर्यंत ना इग्नासियो दिसला ना लालो. घाबरलेल्या वकिलाच्या तोंडी दोन नावं टाकून दिली होती, इतकंच.

हा भाग पीटर गूल्डने लिहिला होता. सहा वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याने आणि ‘ब्रेकिंग बॅड’ घडवणाऱ्या व्हिन्स गिलिगनने ‘बेटर कॉल सॉल’ सुरू केली. त्यात ड्रगच्या टोळीतला नाचो आला, ज्याचं पाळण्यातलं नाव इग्नासियो. २०१८ मध्ये, चौथ्या सीझनमध्ये, त्याच धंद्यातला लालो सालामान्का हसत हसत स्वयंपाकघरात उभा राहिला. म्हणजे या मंडळींनी केलं काय? स्वतःचाच जुना भाग काढला, दोन नावांवर बोट ठेवलं आणि ‘हे कोण असतील बुवा?’ असं एकमेकांना विचारलं. आपण करतो तेच. फक्त त्यांना त्याचा पगार मिळतो आणि पुढे अल्बुकर्कीत शूटिंगही होतं.

बाकीचीही उदाहरणं आहेत आणि ती या दोघांनीच वेळोवेळी सांगितलेली आहेत. जिमी पहिल्याच सीझनअखेर सॉल होईल, असा मूळ बेत होता. प्रत्यक्षात त्याला कितीतरी सीझन लागले. खलनायक हॉवर्ड असणार होता. पहिला सीझन लिहिता लिहिता ती जागा चकने घेतली. ‘ब्रेकिंग बॅड’च्या शेवटच्या सीझनच्या पहिल्याच दृश्यात वॉल्ट गाडीच्या डिकीत मशीनगन घेतो, तेव्हा ती कुणावर चालवायची हे लेखकांनाच माहीत नव्हतं. आधी बंदूक दाखवली, मग बसून तिच्यासाठी शत्रू शोधले. हे कळल्यावरही ‘त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं’ असं म्हणायचं?

लालोचंच बघा. चाहत्यांचा तर्क सरळ होता. गोष्टीतल्या २००८ च्या सुमारास सॉल त्याला टरकून आहे, म्हणजे तो तेव्हा जिवंत असणार. तुमच्या हिशेबाने ही गोळी हुकली, कारण सहाव्या सीझनच्या आठव्या भागात, २००४ मध्येच, गस त्याला संपवतो. पण तर्क चुकला नव्हता, त्यातला एक दुवा तेवढा दिसत नव्हता. लालो मेला, असं जिमीने एकदा मानलं होतं. तो जिवंत असल्याचं माइकने किमला सांगितलं, आणि किमने ते नवऱ्यापासून लपवलं. मग एका रात्री ‘मेलेला’ माणूस दारात उभा. यानंतर कुणी कितीही सांगितलं की आता तो खरंच गेला, तरी विश्वास बसणार का? वाळवंटातल्या त्या वाक्यातली भीती मेलेल्या माणसाची आहे. आणि ज्याच्या नावावर सॉल खापर फोडतो तो नाचोही तेव्हा चार वर्षांपूर्वीच गेलेला आहे. २००९ मध्ये मला त्या दृश्यावर हसू आलं होतं. आता बघितलं की पोटात खड्डा पडतो. दृश्यात काडीचा बदल झालेला नाही.

शब्दकोड्याबद्दल. तुम्हाला भागांच्या नावांची अक्षरं मोजणारे लोक हास्यास्पद वाटतात. पण कोडं घातलं कुणी? दुसऱ्या सीझनच्या दहा भागांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं घ्या, उलटसुलट लावा, ‘फ्रिंग्ज बॅक’ तयार होतं. फ्रिंग परत आलाय. लोकांनी ते हुडकलं, आणि तिसऱ्या सीझनमध्ये तो आलाच. त्याआधी ‘ब्रेकिंग बॅड’च्या दुसऱ्या सीझनमधल्या चार भागांची नावं ओळीने वाचली की अल्बुकर्कीवर ७३७ विमान कोसळणार हे कळत होतं. दारात अंगणभर रांगोळी काढायची आणि कुणी वाकून बघितली की हसायचं, असं कसं चालेल? शिवाय थांबवून थांबवून बघण्याचे फायदे आहेत. सहाव्या सीझनची सुरुवात आठवा. सॉलच्या बंगल्याची जप्ती चाललीय. टायांचा ढीग, सोन्याच्या रंगाचा कमोड, माणसं खोकी वाहतायत. पलंगाशेजारी एच. जी. वेल्सचं ‘द टाइम मशीन’ दिसतं, आणि ट्रकमध्ये चढवताना एका कपाटातून दारूच्या बाटलीचं एक बूच घरंगळून रस्त्याकडेला पडतं. बूच दुसऱ्या सीझनमधलं, किम आणि जिमीने एका बड्याला टोपी घातली होती त्या रात्रीचं. म्हणजे इतक्या वर्षांनी, इतक्या बायका-पैशांच्या धुमाकुळातही त्याने ते जपलं होतं. ते पुस्तक शेवटच्या भागात चकच्या हातात दिसतं, तेव्हा ज्यांनी आधी पाहिलेलं होतं त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करा.

एक मात्र कबूल करायला हवं, की या खेळात नजर एकाच जागी खिळते. सगळं जग किमकडे बघत होतं. सातव्या भागात, किमच्या घरात, हॉवर्ड त्या दोघांना सुनावतोय, दार उघडतं, मेणबत्तीची ज्योत थरथरते, आणि लालो आत येतो. हॉवर्डला तो कोण हेही ठाऊक नाही. पुढच्या मिनिटात हॉवर्ड मेलेला. हा भाग २३ मे २०२२ चा. आपल्याकडे नेटफ्लिक्सवर मंगळवारी आला, आणि पुढचा थेट जुलैत. मध्ये सात आठवडे लोक सुन्न. पुढे हॉवर्ड आणि लालो दोघांना एकाच खड्ड्यात, गसच्या जमिनीखालच्या ड्रग-कारखान्याच्या, त्या सुपरलॅबच्या, फरशीखाली पुरतात, जिथे नंतर वॉल्ट आणि जेसी उभे राहून माल बनवणार आहेत. यातलं काहीही मी वाचलेल्या एकाही थिअरीत नव्हतं. मला विचाराल तर हॉवर्डचा मृत्यू इतका लागला तो यामुळेच. सगळ्यांनी किमसाठी श्वास रोखून धरला नसता, तर लेखकांना आपल्याला इतकं बेसावध गाठता आलं नसतं.

आणि ‘एकही लागली नाही’ हेही खरं नाही. किम मरणार नाही, पण जिमीला सोडून जाईल, असं म्हणणारे होते. नवव्या भागात ती गेली. नेब्रास्काची लोकप्रिय थिअरी फसली, हे मान्य. किम मूळची तिकडची आणि जीन बनून लपलेला सॉल ओमाहात, तेव्हा दोघांची गाठ तिथेच पडणार, असा हिशेब होता. निघाली ती फ्लोरिडात, तुषार-सिंचनाचं सामान विकणाऱ्या कंपनीत काम करताना. शेवटाबद्दल म्हणाल तर सॉल मरणार, पळणार किंवा पकडला जाणार, एवढं लोकांनी धरलं होतं. तो पकडला जाईल, वाटाघाटी करून शिक्षा साडेसात वर्षांवर आणेल, वर दर शुक्रवारी मिंट चॉकलेट चिप आइस्क्रीमही मागून घेईल, आणि मग भर कोर्टात सगळं उधळून स्वतःहून ८६ वर्षं ओढवून घेईल, हे मात्र कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. हा भाग लिहिला आणि दिग्दर्शित केला तो त्याच पीटर गूल्डने.

जगातल्या तमाम चाहत्यांचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. मालिकेतल्या एका प्रसंगाची नक्कल म्हणून, वॉल्टचं घर म्हणून दाखवलेल्या खऱ्या घराच्या छपरावर पिझ्झे फेकणारे लोक होते. गिलिगनला जाहीरपणे सांगावं लागलं की बाबांनो, थांबवा हे. पुढे मालकांना कुंपण घालावं लागलं. अशांना तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा, मी मध्ये पडणार नाही.

आता ‘निप्पी’. सहाव्या सीझनचा दहावा भाग, सगळा कृष्णधवल, किमचं नखही नाही. लोक तिच्या बातमीसाठी आसुसलेले असताना ओमाहाच्या मॉलमधली चोरी बघावी लागली म्हणून अनेकांनी बोटं मोडली. तुम्हीही त्यातलेच, म्हणजे अटकळींवर टीका करता करता तुम्हीसुद्धा काहीतरी अटकळ बांधून बसला होतातच की! पण त्या भागातला एक प्रसंग परत लावून बघा. आत चोरी चाललीय, जीनचा साथीदार जेफ पाय घसरून पडलाय, आणि पहारेकरी आता कॅमेऱ्याच्या पडद्याकडे वळणार. त्याला अडवायला जीन रडायचं सोंग करतो. माझे आईबाप गेले, भाऊ गेला, बायको नाही, पोरं नाहीत, मी मेलो तर कुणाला पत्ताही लागणार नाही. पहारेकरी विरघळतो. यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि त्याला तो वापरता आला तो एका दुकानातले कपडे-बूट लांबवायला. चकच्या मरणावर हा माणूस इतक्या वर्षांत एकदाही असा बोललेला नाही. याला भरताड म्हणणार असाल, तर तुमच्या लेखी भरीव भाग कोणता, तेही लिहा खाली. वाचायला आवडेल.