जुनी वस्तू घासू नका आणि तिचे कागद फेकू नका

लिलावात एखादं चित्र, नाणं किंवा घड्याळ कोट्यवधींना गेल्याची बातमी आली की खाली दोनच प्रकारच्या प्रतिक्रिया पडतात. एक, "एवढ्या पैशात किती लोकांचं भलं झालं असतं." दुसरी, "आमच्या माळ्यावरही असलं काहीतरी पडलंय, काढून बघायला हवं." पहिलीवर वाद घालायचा आज मूड नाही. दुसरीवर बोलायचंय. कारण ही माणसं ती वस्तू माळ्यावरून काढतात, आधी घासूनपुसून लख्ख करतात, आणि ती ज्या फाटक्या पाकिटात किंवा खोक्यात होती ते कचऱ्यात टाकतात. म्हणजे विकण्यासारखं जे होतं तेच गेलं.

माझं म्हणणं सरळ आहे. लिलावात नुसत्या वयाला भाव मिळत नाही, आणि चकचकीतपणाला तर त्याहून कमी. भाव मिळतो पुराव्याला. ही वस्तू अमुक काळातली, अमुक हातची, मधल्या काळात अमुक-अमुक लोकांकडे होती, हे जितकं पक्कं दाखवता येईल तितकी बोली चढते.

जगातल्या सगळ्यात महागड्या टपाल तिकिटाचा फोटो एकदा शोधून बघा. दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीचं, ब्रिटिश गयानाचं, १८५६ सालचं एक सेंटचं तिकीट. मळकट किरमिजी कागदाचा तुकडा, चारही कोपरे छाटलेले, वर शिक्क्याची शाई, मधलं जहाज जेमतेम ओळखू येतं. शाळकरी पोराच्या वहीतलं कुठलंही तिकीट दिसायला त्याच्यापेक्षा बरं असेल. इंग्लंडहून तिकिटं वेळेवर पोचली नाहीत म्हणून तिथल्या पोस्टमास्तरने वर्तमानपत्राच्या छापखान्यातून ती छापून घेऊन वेळ भागवली. छपाई इतकी साधी की कोणीही नक्कल करेल, म्हणून टपाल कारकुनाने तिकिटावर स्वतःची आद्याक्षरं टाकायची अशी सोय केली. १८७३ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलाला ते जुन्या पत्रांत सापडलं आणि त्याने ते सहा शिलिंगांना विकून टाकलं. २०१४ मध्ये त्याच तुकड्याला जवळपास ९५ लाख डॉलर आले.

मला त्याची पाठ जास्त आवडते. तिथे एकामागून एक मालकांनी आपापल्या खुणा करून ठेवल्यात. कोणाचा बारीक शिक्का, कोणाची आद्याक्षरं. २०१४ मध्ये ते घेणारा बुटांचा डिझायनर होता, त्याने तर उंच टाचेचा बूटच काढला. एरवी दुर्मिळ तिकिटावर कोणी असं काही खरडलं तर संग्राहक किंचाळतील. इथे मात्र त्या खुणाच वंशावळ झाल्या आहेत. (आणि हो, २०२१ मध्ये ते पुन्हा लिलावात आलं तेव्हा ८३ लाखांनाच गेलं. जुन्या वस्तूचा भाव कधी उतरतच नाही म्हणणाऱ्यांसाठी हे कंसात.)

पुरावा किती टोकाला जाऊ शकतो ते बघायचं तर अमेरिकेचं १९३३ सालचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं घ्या, डबल ईगल. टांकसाळीने ४,४५,५०० नाणी पाडली, पण तोवर रूझवेल्ट सरकारने सोन्याची नाणी चलनातून काढायचं ठरवलं होतं. ती बाहेर आलीच नाहीत, वितळवली गेली. मोजकी काही मागच्या दाराने निसटली. त्यातलं एक इजिप्तचा राजा फारूक याच्या संग्रहात गेलं, आणि अमेरिकी अर्थखात्याने ते देशाबाहेर न्यायचा परवाना चुकून देऊन टाकला होता. पुढे बरीच कोर्टबाजी झाली आणि २००२ मध्ये ते कायदेशीररीत्या लिलावात आलं. सुमारे ७६ लाख डॉलर मिळाले. त्या रकमेवर घेणाऱ्याला आणखी वीस डॉलर मोजावे लागले, कारण सरकारच्या हिशेबी ते नाणं कधी चलनात आलेलंच नव्हतं, ते आणायचं तर दर्शनी किंमत भरायला हवी! २०२१ मध्ये तेच नाणं सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरना गेलं. आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. फिलाडेल्फियातल्या एका सराफाच्या वारसांना त्याच सालची, त्याच साच्यातली दहा नाणी तिजोरीत सापडली. खरेपणाची खात्री करून घ्यायला त्यांनी ती टांकसाळीकडे पाठवली. टांकसाळीने सांगितलं, खरी आहेत, आणि आमची आहेत. नाणी परत मिळाली नाहीत, वर्षानुवर्षांच्या खटल्यानंतर कोर्टानेही सरकारच्याच बाजूने कौल दिला. सोनं तेच, वजन तेच, शिक्का तोच. फरक फक्त एका परवान्याचा, तोही चुकून दिलेला.

आता घासण्याबद्दल. नाण्याचं उदाहरण सोपं पडेल. एखादं जुनं चांदीचं नाणं भिंगाखाली धरा आणि दिव्याखाली सावकाश फिरवा. न घासलेल्या, कमी वापरलेल्या नाण्यावर प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. साचा दाबला जाताना धातू बाहेरच्या बाजूला सरकतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषांवरून तो परावर्तित होत असतो. अक्षरांच्या कडांशी काळपट-निळसर छटा साचलेली दिसते, उंचवट्यांवर ती फिकी होत जाते. आता घासलेलं नाणं धरा. प्रकाश फिरत नाही, सगळीकडून एकदम चमकतो, आणि नीट पाहिलं तर बारीक ओरखडे दिसतात, बहुतेक एकाच दिशेने गेलेले, जिथे कापड किंवा पावडर फिरली तिथे. घासून गेलेला हा वरचा थर पुन्हा आणता येत नाही. नाणी पारखून श्रेणी देणाऱ्या कंपन्या अशा नाण्यावर 'साफ केलेलं' असा शेरा मारतात आणि भाव तिथेच पडतो. ज्याने घासलं त्याला वाटत असतं आपण मदत केली.

लाकडी सामानाचंही तसंच, फक्त तिथे बघायची जागा वेगळी. कपाटाच्या दर्शनी बाजूकडे बघून काही कळत नाही, ती तर दाखवायलाच केलेली असते. खण बाहेर ओढा आणि उलटा करा. हाताने कापलेल्या सांध्यांचे दात एकसारखे नसतात, एखादा जाड, एखादा बारीक. कानशीच्या आणि रंध्याच्या खुणा तळाशी तशाच राहिलेल्या असतात, कारण जिथे कोणी बघणार नाही तिथे सुतार गुळगुळीत करण्यात वेळ घालवत नसे. तळावर गोल गोल वळणाच्या करवतीच्या खुणा असतील तर ती फळी यंत्राच्या चक्री करवतीने कापलेली आहे. म्हणजे सतराव्या शतकातलं कपाट म्हणून ते विकत असतील तर एक तर फळी नंतर बसवलेली, नाहीतर कपाटच नंतरचं. आणि झीज बघा. खरी झीज हात, पाय, चाव्या जिथे लागतात तिथेच होते: मुठीभोवती, खणाच्या खालच्या कडांना, पायांच्या पुढच्या बाजूला. खोटी झीज चारी बाजूंना सारखी वाटलेली असते, कारण ती वापरणाऱ्याने केलेली नसते, विकणाऱ्याने केलेली असते. हे सगळं कपाटाला सुंदर पॉलिश मारून देणारा कारागीर तासाभरात पुसून टाकतो. खरेपणा शाबित करणारा हा साक्षीदारच गेला की मग लिलावात ते निव्वळ 'जुन्या पद्धतीचं कपाट' होतं.

घड्याळांत डायल पुन्हा रंगवलेली असली, बाहेरचं धातूचं कवच घासून कडा बोथट झाल्या असल्या की हाच प्रकार. पुस्तकाचं मूळ वेष्टण किंवा खेळण्याचं मूळ खोकं टाकून दिलं तरीही तेच. पुढे जाऊ.

आता कॅटलॉग, म्हणजे लिलावगृहाची वस्तूंची सचित्र यादी. लोक फोटो झूम करून बघतात आणि खालची ओळ वाचतच नाहीत. जुन्या चित्रांच्या कॅटलॉगमध्ये चित्रकाराच्या नावाआधी काय लिहिलंय, याला नुसती शोभा समजू नका. नाव एकटं असलं तर लिलावगृह म्हणतंय, आमच्या मते हे त्याचंच. 'त्याचं मानलं जातं' म्हणजे बहुधा त्याचं. 'त्याच्या कार्यशाळेतलं' म्हणजे त्याच्या देखरेखीखाली कदाचित, हात दुसऱ्याचा. 'त्याच्या वर्तुळातलं' म्हणजे त्या काळातला, त्याच्या प्रभावातला कोणीतरी. 'त्याच्या शैलीत' म्हणजे नंतरच्या काळातलं. आणि 'त्याच्यावरून' म्हणजे सरळसरळ नक्कल, कधीची ते विचारू नका. बोलीत शून्यं किती लागणार ते या ओळीवर ठरतं. 'साल्वातोर मुंडी' हे येशूचं चित्र १९५८ मध्ये लंडनला लिलावात ४५ पौंडांना गेलं, तेव्हा त्यावर लिओनार्दो दा विंचीचं नाव नव्हतं. २००५ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला तेच चित्र दोन व्यापाऱ्यांनी १,१७५ डॉलरना घेतलं. मग वरचे रंगाचे थर काढले गेले, खाली जे उरलं होतं त्याची डागडुजी झाली, तज्ज्ञ बसले, २०११ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने ते लिओनार्दोचं म्हणून प्रदर्शनात मांडलं, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला ४५ कोटी डॉलरच्या वर गेलं. ते पूर्णपणे लिओनार्दोच्या हातचं का, यावर अभ्यासकांचं अजूनही एकमत नाही. कोणी म्हणेल, तिथे घासल्यानेच तर भाव आला की! बरोबर. पण ते काम वर्षानुवर्षं चालणारं, भिंगाखालचं, प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणारं होतं. टूथपेस्ट आणि जुनी बनियन घेऊन बसण्याशी त्याची बरोबरी कृपा करून करू नका.

त्याच व्यवहारात आणखी एक शिकण्यासारखं आहे. हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली थांबली, ती ४० कोटींवर. वरचे पाच कोटी लिलावगृहाचा खरेदीदाराकडून घेतला जाणारा अधिभार. १९७५ पर्यंत लंडनच्या दोन्ही बड्या लिलावगृहांमध्ये (क्रिस्टीज आणि सदबीज) हा प्रकार नव्हता, दलाली फक्त विकणारा द्यायचा. त्या वर्षी दोघांनीही तो सुरू केला आणि आता तो जगभर अंगवळणी पडलाय. तेव्हा बोली लावताना डोक्यात हातोड्याचा आकडा ठेवू नका, हातात पडणाऱ्या बिलाचा ठेवा. शिवाय राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकणारा वस्तू देत नाही ती, येईपर्यंत लिलाव पुकारणारा विकणाऱ्याच्या वतीने स्वतःच बोली चढवू शकतो. नियमांत तशी मुभा लिहिलेली असते. समोर कोणी प्रतिस्पर्धी आहे असं समजून तुम्ही चेव आणता, आणि समोर असतं छतावरचं झुंबर, माणूस कोणीच नाही. अमेरिकेतल्या तेल कंपनीच्या तिघा अभियंत्यांनी १९७१ मध्ये तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल दाखवून दिलं होतं की ज्या वस्तूची खरी किंमत कोणालाच नक्की ठाऊक नसते, तिच्या लिलावात जिंकतो तो बहुतेक वेळा सगळ्यात जास्त चुकलेला माणूस. जुन्या वस्तूंना हे तंतोतंत लागू पडतं, असं माझं मत आहे. यावर उपाय काय तर आदल्या रात्री आकडा कागदावर लिहून ठेवणं. कंटाळवाणा आहे, पण दुसरा मला माहीत नाही.

पुरावाच विकला जात असेल तर तो बनवणारेही असणारच. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात फ्रान्समधल्या पोंसो घराण्याच्या क्लो सँ-देनी वाईनच्या १९४५ ते १९७१ सालच्या बाटल्या आल्या. बाटल्या जुन्या, लेबलं डागाळलेली, बुचं पिकलेली. घराण्याचे प्रमुख लोराँ पोंसो स्वतः येऊन बसले. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की ही वाईन आम्ही १९८२ च्या आधी बनवतच नव्हतो. बाटल्या मागे घेतल्या गेल्या, आणि त्या आणणारा रूडी कुर्नियावान २०१३ मध्ये दोषी ठरला. त्याच्या घरी लेबलांचे गठ्ठे सापडले होते. मला यातली गंमत अशी वाटते की त्याला वाईनची उत्तम जाण होती, चवीत तो बहुतेकांना फसवू शकला. पकडला गेला तो तारखेत.

म्हणून कागद. घरात जुनी वस्तू असेल तर पावती, पत्र, जुना फोटो ज्यात ती मागे भिंतीवर दिसते, दुरुस्तीचं बिल, खोक्यावरची चिठ्ठी, सगळं तिच्याबरोबर ठेवा. ज्येष्ठ माणसाला ती कुठून आली हे माहीत असेल तर त्यांच्याकडून आजच लिहून घ्या, तारीख टाकून, सही घेऊन. मात्र 'आजोबांना राजाने दिली होती' एवढ्यावर थांबू नका, कोणत्या, केव्हा, कशाबद्दल हे विचारा. उत्तर नाही मिळालं तर तसंच लिहा. रंगवून सांगितलेली कथा अनुभवी खरेदीदाराला लगेच संशयी करते, आणि त्या संशयाची झळ वस्तूतल्या खऱ्या भागालाही लागते.

एक मात्र बजावतो, कारण याचा उलटा अर्थ काढणारे भेटतात. कागद आहेत म्हणून भाव आहे असं नव्हे. 'मर्यादित आवृत्ती', क्रमांक छापलेली ताटली, प्रमाणपत्रासह आलेलं पदक, मखमली डबीतलं नाणं: हे संग्रह करण्यासाठीच बनवलेलं असतं, आणि घेणारा प्रत्येक जण ते डबीसकट, प्रमाणपत्रासकट जपून ठेवतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी बीनी बेबीज नावाच्या, प्राण्यांच्या आकाराच्या कापडी बाहुल्यांसाठी लोक असेच वेडे झाले होते, त्यांच्या कानातल्या कागदी बिल्ल्याला प्लास्टिकचं कव्हर घालायचे. आज त्यातल्या बहुतेकांना कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांच्याच घरी त्या बिल्ल्यासकट कोऱ्या पडून आहेत. गयानाचं ते तिकीट जपायचं असं १८५६ मध्ये कोणाच्या मनातही आलं नव्हतं. लोकांनी असली तिकिटं टपालावर चिकटवली आणि काम झाल्यावर फेकून दिली.