नगरसेवकसाहेब, ब्लॉग कशाला लिहिताय?

निवडून आलात, अंगावरचा गुलाल धुऊन झाला, आणि आता कुणी उत्साही पोरगा कानाशी लागलाय, "साहेब, ब्लॉग सुरू करू, लोकांशी थेट संवाद." त्याला कटिंग पाजा आणि घरी पाठवा.

अहो, फ्लेक्स काय वाईट आहे? तुमच्यासकट पंचवीस चेहरे त्यावर मावतात, आणि पालिकेची गाडी तो उतरवून घेऊन गेली की त्यावर काय छापलं होतं हे कुणाच्या बापाला आठवत नाही. ब्लॉगला मेली तारीख असते. 'काँक्रिटीकरण मेअखेर पूर्ण' असं लिहून बसलात, तर जूनमध्ये त्याच खड्ड्याच्या काठावर उभा राहून एखादा निवृत्त मास्तर तुमचंच वाक्य तुम्हाला वाचून दाखवेल. शुद्धलेखन सुधारून.

तरी हौस असेलच तर जपून लिहा. महाराजांना वंदन करा. आईवर लिहा, दोनदा लिहा. रस्त्याचं नाव, ठेकेदाराचं नाव किंवा रकमेचा आकडा आला की मात्र खोडा. टक्केवारी चालेल, म्हणजे नालेसफाईची. ती शंभराच्या पुढे गेल्याचंही या मुंबईने निमूट ऐकून घेतलंय, तेव्हा हात आखडू नका.

पाणी तुंबलं की लेखणी उचलायलाच हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा पाठ करून ठेवा. दादरच्या हिंदमाताला गुडघाभर पाणी दिसलं की त्या दिवसाची आठवण काढा, साडेचार मीटरची भरती जोडा आणि मुंबईकरांच्या स्पिरिटला सलाम ठोका. पंप का चालले नाहीत, असं कुणी विचारलंच तर तो प्रशासनाचा विषय. पंप आले तेव्हा नारळ तुम्ही फोडला होतात, ते वेगळं.

आणि एवढी घाई कसली? ७ मार्च २०२२ ला पालिकेच्या जुन्या सभागृहाची मुदत संपली, पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे; २२७ प्रभागांत माजी नगरसेवक होते, भावी तर गल्लोगल्ली होते, आजी एकही नव्हता. लोक पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार क्रमांक लिहून घेत राहिले. इतक्या गुणी मतदाराला उत्तरांची सवय लावून बिघडवू नका. फारच काही विचारायचं असेल तर येऊ दे की कार्यालयात. वेळ संध्याकाळी सात ते नऊ. साहेब लग्नाला गेलेत.