थापाड्या पोरांची बाजू

पोर थापा मारतं, काल्पनिक मित्राच्या गोष्टी सांगतं, असं कोणी म्हटलं की "लक्ष वेधून घ्यायला करतंय, तुम्ही दुर्लक्ष करा" असं सांगतात. हा सल्ला मला कधीच पटलेला नाही. अहो, लक्ष हवंय हे कळलंय ना तुम्हाला? मग द्या की थोडं!

आधी एक घोळ निस्तरते. काल्पनिक मित्र वेगळा आणि थाप वेगळी. माझ्या भाचीचा गुगू नावाचा मित्र होता. गादीवर त्याची जागा ठरलेली, चुकून तिथे कोणी टेकलं की आरडाओरडा. रात्री दिवा घालवायला गेलं की बाईसाहेब म्हणणार, "मावशी, मला नाही गं, गुगूला भीती वाटते." यात लक्ष वेधणं कुठे आलं? स्वतःची भीती गुगूच्या नावावर खपवायची सोय होती ती. मी एकदा फारच गंभीरपणे त्याची चौकशी करायला लागले, तर माझी कीव करत म्हणाली, "अगं, तो खोटाखोटा आहे." अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठातल्या मार्जोरी टेलर यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७ वर्षांपर्यंतच्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सवंगडी होता. तेव्हा काळजी सोडा.

आता थापा. "आज आमच्या वर्गात वाघ आला होता." यावर आपण लगेच वकिली सुरू करतो. कधी आला? कुठून आला? बाईंना फोन लावू? पोर कोंडीत सापडतं आणि एक वाघ वाचवायला आणखी दोन आणतं.

इंग्लंडमधल्या कॉटिंग्लीत १९१७ साली हेच झालं. ९ वर्षांची फ्रान्सिस ओढ्यात भिजून यायची, बोलणी खायची. म्हणाली, आम्ही पऱ्या बघायला जातो. मोठ्यांनी थट्टा केली, म्हणून तिने आणि मावसबहीण एल्सीने कागदी पऱ्या टाचण्यांनी उभ्या करून फोटोच काढले. १९२० मध्ये शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉइलसारख्या माणसाने ते खरे मानून मासिकात छापले. मग माघार कुठली घेता? कबुली आली १९८३ मध्ये, दोघी म्हाताऱ्या झाल्यावर.

धाक दाखवूनही फार काही साधत नाही. मानसशास्त्रज्ञ कँग ली आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ३ ते ७ वर्षांच्या मुलांना 'लांडगा आला रे' ऐकवून पाहिली. खरं बोलण्यात काडीचा फरक पडला नाही. खरं बोलल्याबद्दल ज्या मुलाचं कौतुक होतं, त्याची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त कबुली देत होती.

दुसऱ्या मुलावर आळ घेणारी थाप मी तिथल्या तिथे थांबवते, तिचं कौतुक नाही. पण 'थापाड्या' हा शिक्का मला भयंकर वाटतो. तो बसलेलं पोर उद्या "ते काका माझ्याशी विचित्र वागतात" असं सांगायला आलं, तर त्याचं ऐकणार कोण? त्या लांडग्याच्या गोष्टीतही मला राग येतो तो गावातल्या मोठ्या माणसांचा. शेवटच्या वेळी लांडगा खरंच आला होता, आणि एकानेही उठून बघितलं नाही.