थर्मल दुर्बिणीपुढे काच लावून दोन किलोमीटरवरचे रानडुक्कर ओळखता येत नाही

रब्बीचा हरभरा आणि मका उभा राहिला, की जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: हातात धरायच्या थर्मल (उष्णतेवरून चित्र दाखवणाऱ्या) दुर्बिणीपुढे साधी दुर्बीण किंवा मोठे करून दाखवणारे भिंग बसवा, तसे जमत नसेल तर झूम आठपट करा, म्हणजे दोन किलोमीटरवरचे रानडुक्कर ओळखू येते, केळीच्या बागेत दडलेलेही दिसते, उन्हाळा असो की हिवाळा, आणि परदेशातले शिकारी हेच करतात. रात्रीच्या राखणीने थकलेल्या माणसाला हे पटावे यात नवल नाही. परंतु यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे, आणि ही चूक पैशांपुरती राहणारी नसल्यामुळे मी सविस्तर लिहीत आहे.

पहिले विधान काचेचे. थर्मल कॅमेरा उजेड पाहत नाही. तो ८ ते १४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीची उष्णता पाहतो, आणि साधी काच ही उष्णता आरपार जाऊच देत नाही. साधी दुर्बीण पुढे धरली, तर पडद्यावर दिसते ते त्या काचेचे स्वतःचे तापमान आणि तिच्यावरून परतलेली आपल्याच चेहऱ्याची ऊब. ज्याच्याकडे असे यंत्र आहे त्याने बंद खिडकीच्या तावदानातून अंगणातल्या बैलाकडे पाहावे. बैल दिसणार नाही. म्हणूनच या यंत्रांची भिंगे जर्मेनियम या मूलद्रव्याची किंवा तशाच खास पदार्थांची असतात. भिंग मागच्या बाजूला, डोळ्याजवळ लावले तर ते चालते, कारण तिथे आपण आतला छोटा पडदा साध्या उजेडात पाहत असतो. मात्र त्याने पडद्यावरचे ठिपके (पिक्सेल) मोठे होतात, जनावराविषयी नवी माहिती येत नाही.

झूमचेही तेच आहे. ६४० गुणिले ५१२ ठिपक्यांचा संवेदक (उष्णता टिपणारा सेन्सर) असलेल्या यंत्रात चौपट झूम केला, की चित्र १६० गुणिले १२८ ठिपक्यांचे उरते आणि तेच ताणून दाखवले जाते. आठपटीला ८० गुणिले ६४.

आता दोन किलोमीटरच्या दाव्याकडे येऊ, कारण सगळा भर त्यावर आहे. ३५ मिलिमीटर नाभीय अंतराचे (फोकल लेंग्थचे) आणि तेवढ्याच व्यासाचे भिंग आणि १२ मायक्रॉनचा ठिपका, अशी रचना चांगल्या यंत्रांत सर्रास आढळते. तिच्यात १०० मीटरवर एक ठिपका सुमारे साडेतीन सेंटिमीटर जागा व्यापतो, एक किलोमीटरवर ३४ सेंटिमीटर आणि दोन किलोमीटरवर सुमारे ६९ सेंटिमीटर. रानडुकराची उंची ७० सेंटिमीटर धरली, तर दोन किलोमीटरवर ते उभेच्या उभे जवळपास एका ठिपक्यात मावते. अमेरिकी लष्करासाठी काम करणारे जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो: काहीतरी आहे एवढे कळायला त्या वस्तूवर साधारण २ ठिपके लागतात, कोणत्या प्रकारचे आहे हे कळायला ८, आणि नेमके काय आहे हे ठरवायला सुमारे १३. तेही निम्म्या वेळाच बरोबर येईल, या हिशेबाने. आपल्या डुकराला हे लावले, तर ‘काहीतरी आहे’ हे एक किलोमीटरवर कळेल, डुक्कर की वासरू हे अडीचशे मीटरच्या आसपास, आणि खात्री दीडशे मीटरवर. खोक्यावर छापलेला किलोमीटरचा मोठा आकडा बहुधा यांतल्या पहिल्या पायरीचा असतो, आणि तोही बऱ्याचदा १.८ मीटर उंचीच्या माणसाला धरून काढलेला.

मग खरेखुरे जर्मेनियमचे जोडभिंग पुढे लावले तर? अशी भिंगे असतात आणि ती काम करतात, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांना एक अट आहे, जी त्या संदेशात कुठेच नाही. दुप्पट मोठे दाखवताना चित्राचा कस टिकवायचा असेल, तर पुढच्या भिंगाचा व्यासही दुप्पट लागतो. व्यास ३५ मिलिमीटरच ठेवला, तर प्रत्येक ठिपक्याला पोचणारी उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते आणि तापमानातला बारीक फरक टिपण्याची क्षमता जवळपास तितक्याच पटीने घसरते. शिवाय या किरणांची तरंगलांबी साध्या उजेडाच्या सुमारे अठरा-वीस पट आहे. त्यामुळे ३५ मिलिमीटरच्या भिंगातून एक किलोमीटरवरचा बिंदू मुळातच ३५ सेंटिमीटर त्रिज्येच्या डागासारखा पसरतो, म्हणजे जवळपास एका ठिपक्याएवढा. तो डाग मोठा करून दाखवल्याने फारच थोडा तपशील हाती लागतो. दिवसाच्या दुर्बिणीवरून बांधलेला अंदाज इथे लागू पडत नाही, तो यामुळे.

७० मिलिमीटरचे भिंग घेतले, तर ओळख पटण्याचे अंतर खरोखर दुप्पट होऊ शकते. पण जर्मेनियमची घनता साध्या काचेच्या दुपटीहून अधिक आहे, ते महाग आहे, आणि असे यंत्र हातात धरून शिवार न्याहाळताना प्रत्येक कंप दुप्पट दिसतो. १०० मीटरवर २२ मीटर रुंद दिसणारा पट्टा ११ मीटरवर येतो. हातातल्या थर्मल दुर्बिणीचे मुख्य काम सगळे रान पटकन चाळून पाहणे हे आहे, आणि माझ्या मते राखणदाराला रुंद पट्टाच जास्त उपयोगाचा.

केळीच्या बागेबद्दल थोडक्यात सांगतो: पानाआडची उष्णता दिसत नाही. पानांच्या फटीतून जेवढे अंग उघडे असेल तेवढेच दिसते, आणि मोठे करून पाहिल्याने फट रुंदावत नाही. उन्हाळ्याचे म्हणाल, तर मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि काळे दगड, बांध, विहिरीचे कठडे रात्री उशिरापर्यंत तापलेले राहतात. जनावराच्या केसांचे आणि जमिनीचे तापमान सारखे झाले, की जनावर पार्श्वभूमीत विरून जाते. जो फरक मुळातच नाही, तो मोठा कसा करणार?

परदेशातले शिकारी हातातल्या थर्मल दुर्बिणीने बहुधा फक्त शोध घेतात. ओळख पटवायला ते जवळ जातात किंवा दुसरे साधन वापरतात, आणि तिथे शिकारीचे परवाने, हंगाम आणि नियम आहेत. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत, आहेत. उभ्या पिकाला धोका असेल, तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. तो आदेश नसताना यंत्र कितीही चांगले असले, तरी त्याच्या आधारे कोणी बंदूक उचलू शकत नाही.

आणि आपल्या शिवारात रात्री फक्त जनावरे नसतात. शेतीची थ्री-फेज वीज अनेकदा रात्रीच येते, म्हणून सालदार आणि शेतकरी मध्यरात्री पाणी भरायला उठतात. घोंगडी पांघरून बांधावर वाकलेल्या माणसाची बरीचशी ऊब घोंगडीखाली झाकली जाते. चारशे मीटरवरून त्याची आकृती चार-पाच ठिपके उंचीचा एक बुटके, उबदार ठिगळ होते. त्या अंतरावर डुक्करही तेवढेच दिसते.